पेटीतली रात्र

धनीराम आबाजींच्या पेटीतल्या सहा चित्रांना मिळून सहाशे अडतीस भोकं होती. ती सगळी मी बुजवली. एकही सुटलं नाही, कारण हातात घेतलेलं काम मी नीट करते.

हे आधीच सांगून टाकते, कारण ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्यापासून मी ते अकरा दिवस लपवून ठेवलं.

माझं नाव राखी. अड्याळला माझ्या वडिलांचं, घनश्याम शेठचं, धान्याचं दुकान आहे. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि त्यानंतर नागपुरात एका प्रकल्पावर आठ महिने जुन्या दस्तऐवजांच्या कागदातलं आम्ल मोजलं. फाटलेला कागद जोडणं, कीड लागलेला कागद भरून काढणं, मागून नवा कागद लावून त्याला बळकटी देणं, हेही तिथेच शिकले. प्रकल्प संपला आणि मी घरी आले. शकुनआजी आमच्या गल्लीत मासोळी विकायला येते. माझ्या आईनं तिला काय सांगितलं कोण जाणे, एक दिवस टोपली खाली ठेवून ती मला म्हणाली, "कागदाची डाक्टर झाली म्हन्ते तू. आमच्या बुढ्याचे कागद पाहून दे एकडाव. वारवी लागून राहिली त्यायले."

वारवी म्हणजे वाळवी, आणि तिचा बुढा म्हणजे धनीराम आबाजी. तलावाच्या पाळीला लागून मासेमारी करणाऱ्या ढिवरांची वस्ती आहे, तिथे त्यांचं घर. त्यांच्या आजोबांनी कामठीच्या छावणीतल्या कुठल्याशा लिलावातून एक लाकडी पेटी आणली होती. पेटीला समोर तळहाताएवढं भिंग, वर एक झाकण, मागे एक झाकण आणि आत दोरीनं वरखाली होणारी नऊ चित्रं. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तेव्हा आबाजी ही पेटी डोक्यावर घेऊन जायचे आणि लोकांना इलायत दाखवायचे. मीही लहानपणी एकदा भिंगाला डोळा लावला होता, पण दोन चित्रं झाली आणि आईनं मला ओढून पुढे नेलं.

ऑगस्टमध्ये मी त्यांच्या घरी गेले. बाहेर ढग होते. आबाजींनी ओसरीतच पेटी मांडली, वरचं झाकण उघडलं आणि पहिली दोरी ओढली.

चित्र व्हेनिसचं होतं. पंधरा-सोळा इंच रुंद, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं आणि मग हातानं रंगवलेलं. गुलाबी आकाश, पिवळे महाल, हिरवट पाणी. रंग ढोबळ होते, कुठे कुठे रेषेबाहेर गेलेले. पण भिंगातून पाहिलं की महाल मागे सरकत जायचे आणि मधे खरोखर हवा असल्यासारखी वाटायची. चित्र भिंगापासून नेमक्या अंतरावर ठेवलं की त्याच्यापासून येणारे किरण समांतर होतात, आणि डोळ्याला वाटतं आपण दूरचं काहीतरी पाहतो आहोत. हे मला माहीत होतं. तरी मी मान मागे घेतली आणि पुन्हा वाकले.

"हे पाहा इलायत," आबाजी माझ्या कानाशी ओरडले. एकच बाई पाहत असली तरी मंडईतल्यासारखं ओरडायचं, असा त्यांचा शिरस्ता. "अठी सारेच ढिवर. रस्ताच नाही. लगन लागलं तरी वरात डोंग्यात. राजा आला तरी डोंग्यात. अन् राजाले पोहता येत नाही, म्हून थो मधात बसते!"

"अन् हा बुढा तठी जाऊन आला," आजी आतून म्हणाली. "मोहाडीच्या पुढं कवा गेला नाही, पन राजाचं पोहनं याले मालूम."

चित्राच्या वरच्या कडेला शहराचं नाव उलट्या अक्षरांत छापलं होतं. मी विचारलं तर आबाजी म्हणाले, इलायतेत उलटंच वाचतात. ही चित्रं मुळात आरशातून पाहण्यासाठी छापली, आरशात ती अक्षरं सुलट होतात, असं मी त्यांना समजावून सांगितलं. "हाव बेटा," ते म्हणाले. शेजारची एक बाई डोकावली, तेव्हा तिला त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, इलायतेत उलटंच वाचतात.

मी विचारलं, "मागचं झाकण कशासाठी?"

"थे रातीसाठी. रात मंडईतच काढतो. छपराखाली रात काढत नाही आमी. बापानं सांगितलं होतं."

मी मान हलवली. मला वाटलं, काहीतरी समजूत असेल त्यांची. माझं लक्ष तोवर चित्राच्या मागच्या बाजूला गेलं होतं. ती फारच वाईट दिसत होती. तांबड्या-पिवळ्या कागदांची मळकट ठिगळं भाताच्या खळीनं चिकटवलेली, आणि सगळीकडे बारीक बारीक भोकं.

"पानी नोको लावू बेटा, रंग जाईन," चित्रं देताना आबाजी तीन वेळा म्हणाले. मंडईच्या आधी परत देण्याचं मी कबूल केलं.

पाणी मी लावलं नाही. प्रत्येक रंगाची कापसाच्या टोकानं कोपऱ्यात परीक्षा घेतली, मऊ रबरानं धूळ काढली, वाफेवर नरम करून मागची ठिगळं एकेक करून सोडवली आणि केरात टाकली. मग भोकं मोजली; नऊपैकी सहा चित्रांना होती. पहिल्या दिवशी मी वहीत एक नोंद केली आहे, ती अजून तशीच आहे: "भोकं बहुतेक खिडक्यांवर व कंदिलांवर, सरळ ओळीत." ते मला दिसलं होतं. नीट दिसलं होतं. त्याच्यापुढे मी कारण लिहिलं: "त्या जागी रंगात डिंक जास्त असावा, म्हणून किडीने तिथे खाल्ले असावे." कारण सुचलं याचा मला त्या दिवशी आनंद झाला होता. कागदाचा लगदा करून मी प्रत्येक भोक भरलं, त्यावर रंग जुळवला, आणि शेवटी नऊही चित्रांना मागून जाड, आम्लरहित कागद लावला. दीड महिना लागला.

कोजागिरी झाल्यावर चित्रं परत केली. आबाजींनी ती पेटीत बसवली आणि भिंगातून पाहिलं. मग आजीला हाक मारून बोलावलं, मुलाला, मुन्नाला बोलावलं. "पाह्य रे, आकाश पाह्य! माया आज्यानं आनलं तवा असंच असन." मुन्नानं पाहिलं आणि मला म्हणाला, "भारी काम केलं तुमी." माझे कान गरम झाले, चांगल्या अर्थानं.

"चाला, आता रात पाहू," आबाजी म्हणाले.

पेटी त्यांनी उचलून पाळीवर नेली, उघड्यावर. तिची पाठ सूर्याकडे केली. वरचं झाकण लावलं, मागचं उघडलं आणि वाकले.

त्या क्षणी मला कळलं. वरून उजेड बंद, मागून उजेड सुरू. म्हणजे चित्र काळं पडणार आणि भोकांतून ऊन येणार. खिडक्यांत दिवे लागणार, तांबड्या-पिवळ्या कागदांतून. माझ्या वहीतल्या सरळ ओळी डोळ्यांपुढे आल्या.

आबाजी बराच वेळ वाकलेले होते. त्यांनी धोतराच्या सोग्यानं भिंग पुसलं. पुन्हा वाकले. दुसरी दोरी ओढली, तिसरी ओढली.

"दिवे नाही दिसून राहिले," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. "शकुन, तू पाह्य वो."

आजीनं पाहिलं. मग सरळ उभी राहिली आणि माझ्याकडे पाहिलं. "मायेई डोरे तुह्याच उमरीचे," ती आबाजींना म्हणाली. "मले काय दिसते?"

मुन्ना तोवर जाळ्याकडे गेला होता. बोलायचं ते मीच बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "मोतीबिंदू असेल आबाजी. तपासून घ्या."

हे माझ्या तोंडून आलं. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती.

चार दिवसांनी आजी मासोळी घेऊन आमच्या दारात आली, तेव्हा आईला सांगत होती की मुन्नानं बापाचा डोंगा बंद केला. ज्याला दिवे दिसत नाहीत त्याला पाण्यात कसं जाऊ द्यायचं? वल्हं लपवून ठेवलं म्हणे. आबाजी दिवसभर पाळीवर बसून असतात, कुणाशी बोलत नाहीत. मंडईला जाणार नाही म्हणतात, आंधळ्यानं दुनिया दाखवू नये म्हणतात. मी आतल्या खोलीत उभी राहून हे ऐकत होते. आजीनं नेहमीपेक्षा जरा मोठ्यानंच सांगितलं, आणि टोपली उचलताना विचारलं, "राखी घरी नाही का?" आई म्हणाली, "आहे की." मी बाहेर गेले नाही.

आठव्या दिवशी आबाजींनी निरोप पाठवला, की पेटी राखीनं घेऊन जावी. आपल्या मागे ती नीट ठेवणारी तीच एक आहे.

तेव्हा मी गेले, पण सांगायला नाही. तीन दिवसांनी लाखनीत डोळ्यांचं शिबिर होतं, तिथे त्यांना घेऊन जाते म्हणाले. त्यामागचा माझा हिशेब काय होता तेही लिहिते. बहात्तर वर्षांच्या माणसाला मोतीबिंदू असणारच, डॉक्टर तसं सांगतील, शस्त्रक्रिया होईल, आणि तेवढ्या दिवसांत मी काहीतरी निमित्त काढून चित्रं परत घेऊन भोकं मोकळी करीन. शिबिराच्या रांगेत बसल्या बसल्या मी मनात म्हणत होते, मोतीबिंदू निघू दे. एका भल्या माणसाच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघावा अशी मी इच्छा करत होते.

तक्त्यावरच्या सगळ्या ओळी आबाजींनी सांगितल्या. इंग्रजी ‘ई’सारख्या चिन्हांची तोंडं कुठे आहेत ते बोटानं दाखवत शेवटच्या ओळीपर्यंत गेले. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "आबाजी, मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे. काही करायची गरज नाही. माझ्यापेक्षा चांगले डोळे आहेत तुमचे."

"मंग दिवे काहून नाही दिसत?"

"कोणते दिवे?"

"इलायतेचे," आबाजी म्हणाले. मागच्या रांगेतले दोघं-तिघं हसले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी आबाजींचा हात धरून बाहेर आले.

महामार्गाच्या कडेला एका टपरीवर आम्ही चहा घेतला. एकामागून एक ट्रक जात होते आणि प्रत्येकाबरोबर बाकडं हलत होतं. आबाजींनी चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत.

"डोरे ठीक हायेत म्हन्ते थो," ते म्हणाले. "मंग डोस्कंच गेलं, बेटा. माया काकाचं असंच झालं होतं. नसलेलं दिसे त्याले. आता वाटते, मले दिवे दिसत होते थे होते तरी का? का मी साठ साल नुसताच बोंबलत होतो, दिवे पाहा, दिवे पाहा, अन् लोक माया मनाले बरं वाटावं म्हून हाव हाव म्हनत होते?"

"दिवे होते, आबाजी."

"तुले काय मालूम?"

"मी बुजवले."

एक ट्रक गेला. त्यांना ऐकू आलं नसावं म्हणून मी पुन्हा सांगितलं. भोकं मी बुजवली. मागचे तांबडे-पिवळे कागद मी काढले. मागे जाड कागद लावला. कीड लागली असं मला वाटलं.

"सारे?"

"सारे."

"जहाजाचा बी? बंदरावरच्या चित्रात जहाजाले एकच खिडकी हाय. थो दिवा माया बापानं पाडला होता."

"तोही."

"कीड वळीनं चालते का वो? खिडकी पाहून खाते का?"

त्यांनी बशी बाकड्यावर ठेवली. मला वाटलं, आता रागावतील. ते म्हणाले, "भोकाचं जाऊ दे. चुकी होते मानसाची. त्या दिवशी पाळीवर तू मोतीबिंदू म्हटलं. तवा तुले मालूम होतं?"

"हो."

"मंग काहून म्हटलं?"

"लाज वाटली मला."

"लाज तुले वाटली," आबाजी म्हणाले, "अन् आंधरा मी झालो."

परतीच्या वाटेवर स्कूटरवर ते माझ्या मागे बसले होते. जाताना माझ्या खांद्याला धरलं होतं, येताना मागचा दांडा धरला.

घरी आजी दारातच होती. आमची तोंडं पाहून तिनं आबाजींना विचारलं, "सांगितलं हिनं?"

आबाजी थांबले. "तुले मालूम होतं?"

"भिंगात पाह्यलं तवाच. दर सालाले थे भोकं सुईनं साफ मीच करतो, कागद मीच लावतो, मले नाही समजन?" मग ती माझ्याकडे वळली. "कागद तरी ठेवले का?"

"नाही, आजी. फेकले."

"मंग तू काहून नाही सांगितलं वो मले?" आबाजी आता खरंच चिडले. "अकरा दिस पानी बंद केलं माह्यं तुमी दोघींनी! तुह्या पोरानं वल्हं लपवलं!"

"वल्हं कोठ्यात तनसाच्या मांगं हाय, तुलेई मालूम हाय. डोरे गेलेल्या मानसाले थे बराबर सापडलं, मी पाह्यलं परवा." आजी खाली बसली. "मी सांगितलं असतं तं तू दोन शिव्या हासडून मोकरा झाला असता. अन् हे बी मोकरी झाली असती. मी म्हटलं, शिकलेली पोरगी हाय, दोन दिसात येऊन सांगीन. दोनाचे चार झाले. मी तिच्या दारात जाऊन मोठ्यानं बोंबलून आलो. तरी घरातून निंगाली नाही."

मी म्हणाले, चित्रं मला द्या. गव्हाच्या खळीनं चिकटवलंय, वाफेनं सुटतं, सगळं होतं तसं करून देते, पंधरा-वीस दिवस लागतील. हे मी फार भराभर बोलले.

"नाही," आबाजी म्हणाले. "कागद आता घराबाहेर जात नाही." एवढं बोलून ते पेंढ्याच्या कोठ्याकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न बोलावता गेले. आजी पाळीवर पोतं अंथरून बसली होती. मांडीवर बंदराचं चित्र, हातात दाभण. मी लावलेल्या जाड कागदासकट ती आरपार टोचत होती. रंगाच्या बाजूनं टोचायचं, मागून दाभण जरा फिरवायची, मग उन्हाकडे धरून पाहायचं. कागदाचे काठ फाटत होते. काही भोकं जुन्या जागेपासून दोन-तीन मिलिमीटर सरकली होती, काही तिनं नव्यानंच पाडली. एका बुरुजाला खिडकी नव्हती, तिथेही तिनं दिवा लावला. अडीचशे वर्षांच्या कागदाला असं कुणी करताना मी पाहिलं असतं, तर हात धरला असता.

"मी करू का थोडी, आजी?"

"नाही. तू धर फक्त. हालवू नको."

मी दोन्ही हातांनी चित्र उन्हात धरून बसले. हात भरून आले तरी खाली घेतले नाहीत. ती टोचत होती आणि मधेच थांबून विचारत होती, "अठी होतं का?" मी हो किंवा नाही म्हणायचे. चार दिवस आम्ही हेच केलं. आबाजी जाता-येता डोंग्यातून आमच्याकडे पाहायचे. माझ्याशी बोलायचे नाहीत. पाचव्या दिवशी आजीनं लग्नाच्या पत्रिकांवरची तांबडी-पिवळी पन्नी कापून मागे चिकटवली, आणि सांगितलं की आता येऊ नको.

मंडई भरली तेव्हा मी दुपारी गेले. पेटीपुढे पंधरा-वीस माणसांची रांग होती, बहुतेक बायका आणि म्हातारी माणसं. बाकीचे पाळण्याकडे आणि भज्यांच्या दुकानांकडे होते. आबाजी फेटा बांधून उभे होते आणि आजी दोऱ्या ओढत होती. मी रांगेत उभी राहिले. आबाजींनी मला पाहिलं. नजर पुढे नेली.

"आता रात!" ते ओरडले, आणि झाकणं फिरवली. "पाहा, दिवे लागले! पन थांबा बाप्पा, या शहराची गोष्ट आयका. यंदा अठी अंधार पडला होता. एक शिकलेली बाई आली. तिले वाटलं, दिव्यायले कीड लागली! एक एक दिवा मोजला तिनं, अन् एक एक विझवला."

लोक हसले. "अन् मंग गा आबाजी?" भिंगाला डोळा लावलेल्या बाईनं विचारलं.

"मंग काय? इलायतेच्या लोकायले वाटलं, आपलेच डोरे गेले. बसले आपआपल्या दारात. कोनी डोंगा काहाडे ना, कोनी बजाराले जाये ना. अन् थे बाई म्हने, मोतीबिंदू हाय तुमाले!"

आता सगळी रांग हसत होती. माझ्या पुढच्या म्हाताऱ्यानं डोळे पुसले. भिंगापासची बाई सरळ झाली, पदर नीट केला आणि म्हणाली, "कोन होती गा थे अवदसा?"

आबाजी आभाळाकडे पाहत राहिले. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. घेणारही नव्हते, ते मला दिसत होतं.

"मीच होते," मी म्हणाले.

बाईनं मला चष्म्यापासून चपलांपर्यंत पाहिलं आणि आधीपेक्षा मोठ्यानं हसली. "घनश्याम शेठची पोरगी मोठी मजाक करते बाप्पा!" रांगेतले बाकीचेही हसले. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली.

"मजाक नाही," मी म्हणाले. "खरंच मी बुजवले होते."

कुणी ऐकत नव्हतं. रांग पुढे सरकली आणि मी पेटीपाशी आले. आबाजी माझ्याकडे पाहत होते, त्या टपरीनंतर पहिल्यांदा. काही बोलतील असं वाटून मी थांबले.

आजीनं दोरी धरली होती. "पाह्याचं असन तं पाह्य," ती म्हणाली, "नाही तं सरक. मांगं लोक उभे हायेत."